शांततेचे नोबेल मिळाले. साक्षीदार मात्र सरत आहेत

११ ऑक्टोबर २०२४ रोजी हिरोशिमाच्या नगरभवनात बसून तोशियुकी मिमाकी ओस्लोतील घोषणा ऐकत होते. शांततेच्या नोबेल पुरस्कारासाठी ‘निहोन हिदान्क्यो’ हे नाव उच्चारले गेले, तेव्हा त्यांनी खात्री पटावी म्हणून स्वतःचा गाल ओढून पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. ते ज्या संघटनेचे सहअध्यक्ष या नात्याने तेथे बसले होते, ती हिरोशिमा आणि नागासाकीवरील अणुबॉम्बहल्ल्यांतून बचावलेल्यांची, म्हणजेच ‘हिबाकुशां’ची देशव्यापी संघटना आहे. अण्वस्त्रमुक्त जगासाठीचे प्रयत्न आणि ही अस्त्रे पुन्हा कधीही वापरली जाऊ नयेत, हे स्वानुभवाच्या साक्षीतून जगापुढे मांडणे, या दोन कारणांसाठी तिला हा सन्मान मिळाला.

अकरा वर्षांचे मौन

६ आणि ९ ऑगस्ट १९४५ च्या हल्ल्यांत सुमारे १ लाख २० हजार माणसे तत्काळ मृत्युमुखी पडली. जवळजवळ तेवढीच पुढील महिन्यांत आणि वर्षांत भाजल्याच्या जखमांनी व किरणोत्सर्गाने दगावली, असे नोबेल समितीने नमूद केले आहे. जे वाचले, त्यांच्या वाट्याला दीर्घकाळ उपेक्षाच आली. जपानवर दोस्तराष्ट्रांचा अंमल असताना बॉम्बच्या परिणामांविषयीच्या लिखाणावर सेन्सॉरची नजर होती. सरकारी मदत नव्हती. नोकरी देताना आणि विवाह ठरवताना हिबाकुशांना टाळले जाई. त्यामुळे अनेकांनी आपला भूतकाळ लपवून ठेवला.

हे मौन मोडण्यास आणखी एक स्फोट कारण ठरला. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. हिरोशिमावरील बॉम्बच्या सुमारे हजारपट शक्तीच्या या स्फोटाची राख एका जपानी मासेमारी बोटीवरील २३ खलाशांवर पडली. त्यांपैकी एकाचा त्याच वर्षी मृत्यू झाला. जपानभर संतापाची लाट उसळली आणि अणुचाचण्यांविरुद्ध तीन कोटींहून अधिक सह्या गोळा झाल्या. याच चळवळीच्या बळावर १० ऑगस्ट १९५६ रोजी नागासाकीत ही संघटना स्थापन झाली.

दोन मागण्या

स्थापनेपासून संघटनेच्या मागण्या दोनच आहेत. जगातून अण्वस्त्रे नष्ट व्हावीत आणि युद्ध पुकारणाऱ्या जपान सरकारने बॉम्बपीडितांना भरपाई द्यावी. दुसऱ्या मागणीला अंशतः यश आले. १९५७ मध्ये वैद्यकीय उपचारांचा कायदा झाला, तर १९९४ मध्ये व्यापक साहाय्याचा. मात्र मृतांसाठी भरपाई कधीच मिळाली नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी ओस्लोत भाषण करताना ९२ वर्षांच्या तेरुमी तानाका यांनी लिखित मजकूर बाजूला ठेवून हा मुद्दा पुन्हा उच्चारला. नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा ते १३ वर्षांचे होते. त्यांचे पाच नातलग त्यात गेले.

पहिल्या मागणीसाठी हिबाकुशांनी साक्ष हेच साधन मानले. १९८२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर सेन्जी यामागुची यांनी होरपळलेल्या स्वतःच्या चेहऱ्याचे छायाचित्र जगाच्या प्रतिनिधींसमोर धरले. २०१७ च्या अण्वस्त्रबंदी कराराच्या प्रस्तावनेत ‘हिबाकुशा’ हा शब्द आला, त्यामागे अशा साक्षींची पुण्याई आहे.

पुरस्कारांची परंपरा

नोबेल समितीने या विषयाची दखल वारंवार घेतली आहे. १९८५ मध्ये अणुयुद्धविरोधी डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना, १९९५ मध्ये जोसेफ रॉटब्लॅट आणि पगवॉश परिषद, २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि तिचे प्रमुख मोहम्मद अल बारादेई, तर २०१७ मध्ये अण्वस्त्रबंदी करारासाठी झटणारी ‘आयकॅन’ ही संघटना मानकरी ठरली. १९७४ मध्ये जपानचे माजी पंतप्रधान एसाकू सातो यांचाही गौरव झाला होता. अण्वस्त्रे बनवणार नाही, बाळगणार नाही, देशात येऊ देणार नाही, हे त्यांचे त्रिसूत्री धोरण. मात्र आणीबाणीत ओकिनावात अण्वस्त्रे आणू देण्याचा गुप्त समझोता त्यांनीच अमेरिकेशी केला होता, हे २००९ मध्ये उजेडात आले. राज्यकर्त्यांची वचने आणि पीडितांची साक्ष यांतील अंतर येथे दिसते.

मग साधले काय?

स्टॉकहोम येथील ‘सिप्री’ संस्थेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२५ मध्ये नऊ देशांकडे मिळून १२ हजार २४१ अण्वस्त्रे होती. अमेरिकेच्या अण्वस्त्रछत्राखाली असलेल्या जपानने अण्वस्त्रबंदी करारावर सही केलेली नाही. प्रथम वापर न करण्याचे धोरण सांगणारा अण्वस्त्रधारी भारतही त्याबाहेर आहे. तरीही १९४५ नंतर एकाही युद्धात अण्वस्त्र वापरले गेले नाही. या अस्त्राचा वापर जगाला निषिद्ध वाटतो, त्यात हिबाकुशांचा मोठा वाटा असल्याचे समितीचे म्हणणे आहे.

हा निषेध टिकवणारे आवाज मात्र क्षीण होत आहेत. मार्च २०२५ अखेरीस नोंदणीकृत हिबाकुशांची संख्या प्रथमच एक लाखाच्या खाली, ९९ हजार १३० वर आली. त्यांचे सरासरी वय ८६ होते. त्यांच्या आठवणी आत्मसात करून पुढे सांगणारे ‘वारसदार’ घडवण्याचे काम हिरोशिमा शहराने २०१२ मध्ये सुरू केले. डोळ्यांनी पाहिलेले सांगणे आणि ऐकलेले सांगणे यांत फरक राहणारच. शेवटचा साक्षीदार गेल्यानंतर हा निषेध किती टिकतो, यावरच या पुरस्काराचे खरे मोल ठरेल.