कोणाचा घोटा, कोणाची कॅप!

भंडाऱ्याहून मौद्यामार्गे नागपूर साठेक किलोमीटर. साकोली-लाखनीची मंडळी कारधाजवळ वैनगंगा ओलांडून याच रस्त्याला लागतात. मोठं क्रिकेट डोळ्यांनी पाहायचं तर आपल्या जिल्ह्याला जवळचं मैदान नागपूरचंच. आधी सिव्हिल लाइन्समधलं, आता वर्धा रोडवर जामठ्याचं. नागपुरात पदार्पणाची कॅप मिळालेल्यांची यादी काढून बसलं की मजा येते. बऱ्याच कॅपमागे दुसऱ्या कोणाचा दुखावलेला गुडघा, मुरगळलेला घोटा, नाहीतर बंदीचा हुकूम असतो!

पोरगा कॅरिबियनमध्ये, सामना नागपुरात

1 मार्च 2006, सिव्हिल लाइन्स. इंग्लंडचा कर्णधार मायकेल वॉन गुडघ्यामुळे बाहेर, सलामीवीर मार्कस ट्रेस्कोथिक दौरा सोडून मायदेशी. वेस्ट इंडीजमध्ये इंग्लंड ‘अ’ संघासोबत असलेल्या 21 वर्षांच्या ॲलिस्टर कुकला सांगावा गेला. अर्धं जग ओलांडून तो आला आणि खेळला काय, तर पहिल्या डावात 60, दुसऱ्यात नाबाद 104. पुढे त्याने कसोटीत 12,472 धावा केल्या. 2018 साली ओव्हलवर शेवटची कसोटी खेळला तीही भारताविरुद्ध, आणि तिथेही 71 आणि 147.

त्याच नागपूर कसोटीत माँटी पानेसरला पहिला बळी मिळाला तो थेट सचिन तेंडुलकरचा. पायचीत! पानेसरने नंतर चेंडूवर सचिनची सही घेतली. श्रीशांत आणि इयन ब्लॅकवेल हेही त्याच सामन्यातले नवे. एका कसोटीत चार पदार्पणं.

नाशिकचा डाव सोडून जामठ्याला

6 नोव्हेंबर 2008 ला जामठ्याच्या मैदानाने स्वतःच पदार्पण केलं. तिथली ही पहिली कसोटी, समोर ऑस्ट्रेलिया. दिल्लीच्या कसोटीत शेन वॉटसनला कोपर मारल्याबद्दल गौतम गंभीरवर बंदी आली होती. सलामीला कोण? मुरली विजय तेव्हा नाशिकला महाराष्ट्राविरुद्ध रणजी खेळत होता. तमिळनाडूसाठी अभिनव मुकुंदसोबत त्याने 462 धावांची सलामी दिली होती, त्यात त्याच्या 243. सामना अर्धा टाकून तो निघाला तो थेट भारताच्या कॅपसाठी. जामठ्यात त्याने 33 आणि 41 धावा केल्या, पण मला जास्त आवडतं ते त्याचं क्षेत्ररक्षण. मॅथ्यू हेडन आणि मायकेल हसी या दोन्ही बड्या फलंदाजांना धावबाद करण्यात त्याचा हात होता.

पण या सामन्याचा खरा नायक समोरच्या संघात होता. जेसन क्रेझा, ऑफस्पिनर. पहिल्या डावात 215 धावा देऊन 8 बळी, दुसऱ्यात 143 देऊन 4. एकूण 12 बळी आणि 358 धावा! मार खाल्ला, पण चेंडूला उंची देणं सोडलं नाही. सौरव गांगुलीची ही शेवटची कसोटी होती. त्याच्या अखेरच्या डावात पहिल्याच चेंडूवर क्रेझाने स्वतःच्याच गोलंदाजीवर त्याचा झेल घेतला. एकाचा पहिला सामना, दुसऱ्याचा शेवटचा, आणि दोघांची गाठ एका चेंडूवर. सामनावीर ठरलेल्या क्रेझाला त्यानंतर कसोटी मिळाली फक्त एक, पर्थला. तिथे एक बळी. संपलं करिअर. दोन कसोटी, 13 बळी.

सकाळी घोटा, लगेच कॅप

6 फेब्रुवारी 2010, जामठा. लक्ष्मण तंदुरुस्त नसल्याने रोहित शर्माचं कसोटी पदार्पण नक्की होतं. सामन्याच्या सकाळी सरावात फुटबॉल खेळताना तो वृद्धिमान साहावर आदळला आणि त्याचा घोटा मुरगळला. मग खेळलं कोण? साहाच! तो राखीव यष्टिरक्षक, पण यष्टींमागे धोनी असल्याने निव्वळ फलंदाज म्हणून उतरला. दक्षिण आफ्रिकेच्या डेल स्टेनने पहिल्या डावात 51 धावांत 7 बळी घेतले. साहाच्या वाट्याला त्या डावात भोपळा आला, दुसऱ्या डावात मात्र त्याने झुंजून 36 केल्या. याच सामन्यात पहिली कसोटी खेळणाऱ्या बद्रिनाथचं अर्धशतक झालं.

रोहितला कॅपसाठी त्यानंतर पावणेचार वर्षं थांबावं लागलं. नोव्हेंबर 2013 मध्ये ईडन गार्डन्सवर ती मिळाली आणि त्याने 177 ठोकल्या. साठलेलं सगळं एका डावात बाहेर आलं.

डिसेंबर 2012 मध्ये जामठ्याने रवींद्र जडेजा आणि जो रूट या दोघांना एकाच दिवशी कसोटी खेळाडू केलं. रूटने पहिल्याच डावात चिवट 73 केल्या. तो इथून कुठवर जाणार आहे, हे तेव्हा स्टँडमधल्या कोणाला कळलं असेल?

फेब्रुवारी 2023 मध्ये पुन्हा तोच खेळ. श्रेयस अय्यरची पाठ दुखावलेली, ऋषभ पंत मोटार अपघातात जखमी. म्हणून सूर्यकुमार यादव आणि के. एस. भरत यांना कॅप. ऑस्ट्रेलियाकडून 22 वर्षांच्या टॉड मर्फीने पहिल्याच डावात 124 धावांत 7 बळी घेतले. बत्तिशीतला सूर्यकुमार 8 धावांवर त्रिफळाचीत झाला. भारत डावाने जिंकला, त्यामुळे त्याला दुसऱ्यांदा बॅट हाती घ्यावीच लागली नाही.

अमेरिकेतही हेच

बेसबॉलमध्ये आपल्या रणजीसारखी खालची पायरी म्हणजे मायनर लीग. तिथे वर्षानुवर्षं घासल्यावर मेजर लीगचं बोलावणं येतं, कधी येतच नाही. 29 जून 1905 ला ‘मूनलाइट’ ग्रॅहम न्यूयॉर्क जायंट्सकडून शेवटच्या टप्प्यात क्षेत्ररक्षणाला उतरला. फलंदाजीची पाळी आलीच नाही, आणि मेजर लीगमध्ये तो पुन्हा दिसला नाही. पुढे तो मिनेसोटातल्या चिजम गावचा डॉक्टर झाला.

ॲडम ग्रीनबर्गचं वाचून तर अंगावर काटा येतो. जुलै 2005 मध्ये शिकागो कब्जकडून पदार्पण, आणि समोर आलेला पहिलाच चेंडू डोक्यावर! सात वर्षांनी, 2012 मध्ये, मायामी मार्लिन्सने त्याला एका पाळीपुरतं परत बोलावलं. तीन चेंडूंत तो बाद झाला, पण या वेळी स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला.

आणि आपले?

विदर्भाची मुळं शोधायची तर थेट भारताच्या पहिल्या कसोटीत जावं लागतं. 25 जून 1932, लॉर्ड्स. कर्णधार कर्नल सी. के. नायडू, जन्म नागपूरचा. दौऱ्याचे कर्णधार पोरबंदरचे महाराज होते, पण त्यांनी कसोटीत स्वतःहून जागा सोडली, म्हणून 36 वर्षांच्या नायडूंकडे नेतृत्व आलं. हाताला दुखापत झालेली असूनही त्यांनी पहिल्या डावात 40 केल्या. भारताकडून त्या डावात सर्वाधिक!

विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत पोहोचणारा पहिला खेळाडू मात्र थेट 2011 मध्ये मिळाला. उमेश यादव, खापरखेड्याजवळच्या वलनीचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. धान कापून झालं की आपल्याकडे बांध्यांमध्ये टेनिस बॉलच्या टूर्नामेंट रंगतात. उमेशही विशीच्या उंबरठ्यापर्यंत टेनिस बॉलवरच खेळला. पोलीस भरतीचाही प्रयत्न करून पाहिला होता. 2008 मध्ये तो विदर्भाकडून रणजीत उतरला आणि तीन वर्षांनी दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटीत. श्रीरामपूरचा झहीर खान तेव्हा जायबंदी होता. त्याच सामन्यात अश्विनचंही पदार्पण झालं. बांधीत रबरी चेंडूने यॉर्कर टाकणाऱ्या पोरांनी उमेशचा रस्ता नीट पाहून ठेवावा.

अमरावतीची भारती फुलमाळी मार्च 2019 मध्ये गुवाहाटीत इंग्लंडविरुद्ध टी-20 त भारताकडून उतरली. अमरावतीच्याच जितेश शर्माला ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत नेपाळविरुद्ध संधी मिळाली.

फैज फजलवर मात्र माझा विशेष जीव. 15 जून 2016, हरारे. बडे खेळाडू विश्रांतीवर होते, म्हणून नागपूरच्या या तिशीतल्या डावखुऱ्याला झिम्बाब्वेविरुद्ध सलामीला पाठवलं. लक्ष्य 124. फैज नाबाद 55, के. एल. राहुल नाबाद 63, भारत दहा गडी राखून विजयी. भारताकडून त्याचा तो पहिला सामना, आणि एकमेवही. कारकीर्दभर नाबाद! पुढच्या संधीची वाट पाहत तो घरी बसला नाही. 1 जानेवारी 2018 ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा कर्णधार होता फैज फजल.