हेवी लायसन्स मिळालं, आता पहिली नोकरी कुठे?

काल कळंबोलीच्या स्टील मार्केटजवळ चहाच्या टपरीवर एक पोरगा भेटला. "काका, लायसन्स आहे, पण सगळे अनुभवच विचारतात. तो आणू कुठून?" बावीस वर्षांपूर्वी मीही असाच फिरत होतो.

आधी कायद्याचं. ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठी वय किमान 20 लागतं आणि हलक्या वाहनाचं लायसन्स वर्षभर जुनं हवं. आठवी पासची अट 2019 मध्ये निघाली, त्यामुळे शाळा सुटली म्हणून मागे राहू नका.

नवशिक्याच्या हाती थेट ट्रेलर कुणी देत नाही, देऊही नये. छोट्या टेम्पोवर किंवा जुन्या ड्रायव्हरच्या हाताखाली सुरुवात करा.

मी दीड वर्ष क्लीनर होतो. ताडपत्री बांधणं, रस्सा आवळणं, टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखणं, सगळं तिथेच शिकलो. कसारा घाटात उस्तादांनी एकच गोष्ट घोकून घेतली: ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची नाही. कधीच नाही!

मालकाशी पगार, भत्ता आणि दंड कोण भरणार हे आधीच बोलून घ्या. मूळ लायसन्स ठेवायला मागितलं तर देऊ नका, झेरॉक्स द्या. निघण्यापूर्वी विमा, फिटनेस, परमिट, बिल्टी आणि ई-वे बिल स्वतःच्या डोळ्यांनी बघा. काट्यावरची वजनपावतीही.

काही अडलं तर बिनधास्त विचारा. गाडीवर नसेन तेव्हा प्रत्येकाला उत्तर देईन.