ईदनंतरचा गल्ला

असरची नमाज झाली की रमजानच्या बाजाराला जाग येते. इफ्तारला तास-दीड तास उरलेला असतो. मशिदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर टरबूज आणि पपईच्या फोडी रचल्या जातात, कढया तापतात, खजुराच्या पेट्या उघडतात. रोजेदार असतात तसे शेजारच्या आळीतले, रोजा नसलेले गिऱ्हाईकही असते. भजी-समोसे बांधून घ्यायला कोणाला धर्म विचारत नाहीत.

या गर्दीत नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. गाडा लावलेल्यांपैकी कितीतरी जण एरवी विक्रेते नसतातच. कोणी रिक्षा चालवणारा असतो, कोणी कॉलेजात शिकणारा, कोणी घरी शिवणकाम करणारी. थोडी जमापुंजी, नाहीतर मेहुण्याकडून उसने घेतलेले पाच-दहा हजार रुपये, एवढ्या भांडवलावर महिनाभराचा धंदा उभा राहतो. अनेकांच्या आयुष्यातला तो पहिला धंदा असतो. धाडस मोठे असते. उपाशीपोटी कढईसमोर उभे राहून, चव न पाहता दुसऱ्यासाठी तळायचे, ही साधी गोष्ट नाही.

पण या महिन्यात एक फसगतही दडलेली असते. इतर अकरा महिने गिऱ्हाईक शोधावे लागते, रमजानमध्ये ते आपण होऊन चालत येते. खरी परीक्षा सुरू होते ती ईदनंतर, मांडव निघाल्यावर आणि रस्ता पुन्हा रुंद झाल्यावर. त्या दिवशी हातात काय उरले, यावरून पुढचा धंदा ठरतो.

एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, एका घरातून रोज ३०० समोसे गाड्यावर जातात आणि दहा रुपयांना एक असे सगळे खपतात. संध्याकाळी गल्ल्यात ३,००० रुपये येतात. त्यातून मैदा, बटाटा, तेल, मसाला यांचे १,७५० गेले. गॅसचे २००, हाताखालच्या मुलाचे ३००, जागा, दिवा आणि कागदी पिशव्यांचे १५०. उरले ६००. घरातल्या दोन बायका दुपारपासून कणिक तिंबत, सारण भरत बसल्या, त्यांची मजुरी याच ६०० रुपयांत आहे. तीस दिवसांत हाताखालून ९० हजार रुपये गेले, घरात मात्र १८ हजार आले.

ज्याच्या डोक्यात ९० हजारांचा आकडा घोळतो, तो ईदनंतर हप्त्याने मोठा फ्रिज घेतो, चौकात भाड्याने गाळा बघतो आणि श्रावणापर्यंत कर्जात अडकतो. ज्याच्या वहीत १८ हजार लिहिलेले असतात, तो आणखी एक कढई घेतो आणि शेजारच्या दोन शाळांच्या कँटीनमध्ये विचारून येतो. दोघांची मेहनत सारखीच असते. फरक फक्त वहीचा असतो.

वहीचे हे महत्त्व सांगणारे एक जुने उदाहरण मुंबईतले आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका जमल्या. त्यांच्याजवळ उसने घेतलेले ८० रुपये होते. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली. पैसे देणारे छगनलाल करमसी पारेख यांनी त्यांना मदतीबरोबर शिस्तही दिली. स्वस्त आणि चांगला असे दोन प्रकार काढण्याऐवजी एकच उत्तम पापड करा आणि हिशेब चोख ठेवा, असा त्यांचा आग्रह होता. देणगी मागायची नाही, हे त्या बायकांनी स्वतःच ठरवले होते. पहिल्या वर्षी विक्री झाली ६,१९६ रुपयांची. आज घराघरांत ओळखीचा असलेला लिज्जत पापड तो हाच.

या गोष्टीतला पावसाळ्याचा भाग फारसा सांगितला जात नाही. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद पडले. रमजान संपल्यावर गाडेवाल्याची जी गत होते, तीच त्यांची झाली. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणली, तिच्यावर पापड पसरले आणि खाली शेगडी ठेवली. हंगाम संपला म्हणून धंदा सोडला नाही, पुढच्या हंगामासाठी खाट शोधली. प्रत्येक छोट्या धंद्याला आपापली खाट शोधावी लागते. समोसेवालीसाठी ती शाळेची कँटीन असेल, शेवया विकणाऱ्यासाठी दिवाळीचा फराळ असेल, टोप्या शिवणाऱ्यासाठी शाळेचे गणवेश असतील.

दुसरी सवय मालाची. हदीसमध्ये एक प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आतले ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेले वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे प्रेषितांनी त्याला विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. नुकसान झाले हा त्या माणसाचा दोष नव्हता, ते झाकले हा दोष होता. पेटीत वर टपोरे खजूर आणि खाली चिकटलेले, हा प्रकार आजही बाजारात दिसतो. त्यात एक गिऱ्हाईक एकदा फसते आणि चार जणांना सांगते. मऊ पडलेली केळी वेगळी काढून, 'ही आजच खा' असे सांगून निम्म्या भावात देणाऱ्याकडे तेच गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येते.

तिसरी सवय उधारीची. नव्या दुकानदाराला पहिला धक्का बहुधा अनोळखी माणूस देत नाही, ओळखीचा देतो. 'लिहून ठेव' म्हणणारा शेजारी असतो, नातलग असतो आणि लिहायला संकोच वाटतो. कुरआनमधली सर्वांत मोठी आयत, सूरह बकरातली २८२वी, याच विषयावर आहे. मुदतीचे देणेघेणे लहान असो वा मोठे, लिहून ठेवायचा कंटाळा करू नका आणि साक्षीदार ठेवा, असा तिचा आशय आहे. लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे. लिहिल्याने दोघांचे नाते टिकते, कारण सहा महिन्यांनी कोणाच्याही आठवणीवर भांडण होत नाही. लक्ष्मीपूजनाला चोपडीवर कुंकू वाहणाऱ्या व्यापाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. उधारीची मर्यादा मात्र स्वतः ठरवावी लागते. दिवसाच्या नफ्यापेक्षा दिवसाची उधारी जास्त झाली, तर दुसऱ्या दिवशीचा माल कर्जाने आणावा लागतो.

चौथी सवय मोजणीची, आणि तिला हा महिना सोयीचा आहे. अनेक मुस्लिम व्यापारी रमजानमध्ये जकात काढतात. जकात अडीच टक्के, पण ती काढण्याआधी वर्षाचा पूर्ण ताळा घ्यावा लागतो. गल्ल्यात किती, फळीवर विकायचा माल किती, लोकांकडून येणे किती, आपले देणे किती. नव्या धंदेवाल्याची ऐपत जकात देण्याइतकी नसेलही, पण ही मोजणी त्याच्या कामाची आहे. ज्याला जकात नाही, त्याने गुढीपाडव्याला करावी, दिवाळीला करावी. वर्षातून एकदा माल मोजणाऱ्याला धंदा आपल्याला पोसतो आहे की आपण धंद्याला पोसतो आहोत, हे कळते.

आणि सगळ्यांत अवघड सवय, घरचा आणि दुकानचा पैसा वेगळा ठेवण्याची. गल्ल्यातून मुलाची फी जाते, दवाखाना जातो, ईदचे कपडे जातात. गरज खरी असते, म्हणून हात आखडत नाही. उपाय जुनाच आहे, दोन डबे. दुकानच्या डब्यातून स्वतःची रोजची मजुरी ठरवून घ्यायची आणि ती घरच्या डब्यात टाकायची. उद्याच्या मालाचे पैसे पहिल्या डब्यातून हलवायचे नाहीत. अडचण आलीच तर दुकानाकडून उसने घेतले, असे वहीत लिहायचे आणि फेडायचे. फोनवर पैसे घेणाऱ्यांनी त्यासाठी बँकेत वेगळे खाते ठेवले तरी काम भागते.

पुढे कर्ज लागले तरी हीच वही उपयोगी पडते. २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठी सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत पहिले कर्ज १० हजारांचे होते. ते वेळेवर फेडणाऱ्याला पुढचे मोठे मिळणार होते. बचत गटही त्याच रीतीने चालतो. आधी थोडे घ्या, फेडून दाखवा, मग वाढवा.

तरावीहची नमाज संपून रस्ता शांत झाला की गाडेवाले भांडी घासायला बसतात. सहेरीला उठायचे असते, डोळे मिटत असतात. तेवढ्यात शाळेच्या जुन्या वहीच्या उरलेल्या पानावर आले किती, गेले किती, उधार किती, एवढे तीन आकडे लिहायला पाच मिनिटे लागतात. ईदच्या दुसऱ्या दिवशी ती तीस पाने घरच्यांना सोबत घेऊन वाचावीत. गाडा पुन्हा लावायचा की नाही, याचे उत्तर त्यांतच असते.