हडसन टेलर यांची शेवटची चीनवारी

इंग्लंडचे मिशनरी हडसन टेलर १८५४ मध्ये शांघायला उतरले, तेव्हा अवघे २१ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी त्यांनी साहेबी कपडे सोडून चिनी झगा घातला, पुढचं डोकं भादरून मागे वेणी ठेवली. गोऱ्या मंडळींनी नाकं मुरडली. मला मात्र त्यांची हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते! १८६० मध्ये आजारपणामुळे मायदेशी गेले, पण १८६६ मध्ये ‘लॅमरम्यूर’ जहाजातून नवे सहकारी घेऊन परतले. पुढे येणं-जाणं चालूच राहिलं.

१९०४ मध्ये दुसरी पत्नी जेनी गेल्या. थकलेले टेलर तरीही १९०५ मध्ये पुन्हा चीनला आले. ३ जूनला चांग्शा इथे त्यांचं निधन झालं. यांग्त्झी नदीकाठच्या झेनजियांगमध्ये, १८७० साली वारलेल्या पहिल्या पत्नी मारिया यांच्या शेजारी त्यांचं दफन झालं.