पाण्याच्या मीटरची आपोआप नोंद : फायदे व घ्यावयाची काळजी

नळपाणी योजना चालविणाऱ्या प्रत्येक संस्थेपुढे दोन प्रश्न नेहमी उभे असतात. जलकुंभातून सोडलेल्या पाण्यापैकी घरोघर किती पोचले, हा पहिला. आणि प्रत्येक घराने किती पाणीपट्टी द्यावी, हा दुसरा. जेथे मीटर नाहीत तेथे या दोहोंची उत्तरे अंदाजाने द्यावी लागतात. चार माणसांचे कुटुंब आणि नळाच्या पाण्यावर परसबाग भिजविणारे कुटुंब सारखीच पट्टी भरते. फुटक्या नळातून वाहून गेलेले पाणी चढविण्यासाठी जळलेल्या विजेचा खर्चही सर्वांच्याच माथी बसतो.

मीटर बसविल्याने निम्मे काम होते. त्याचा आकडा दरमहा वाचला गेला तरच उरलेले निम्मे साधते. कर्मचारी दारोदार फिरतो, तेव्हा कोठे घराला कुलूप असते, कोठे मीटरच्या खड्ड्यात पाणी साचलेले असते, तर कोठे आकडा लिहिताना चूक होते. या अडचणी टाळण्यासाठी आपोआप नोंद देणाऱ्या मीटरची योजना झाली आहे. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ मलकापूर येथे २००० ते २०१० या दशकात चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना उभारण्यात आली. तेथे घरोघर असे मीटर बसवून, वापर वाढेल तसा चढता दर लावण्यात आला.

मीटर कसा चालतो

नळातील पाण्याच्या वेगाने मीटरमधील चाक फिरते व त्यावरून आकडा पुढे सरकतो. नव्या पद्धतीच्या मीटरला बॅटरीवर चालणारा लहान रेडिओ-प्रेषक जोडलेला असतो. कर्मचारी हातातील यंत्र घेऊन रस्त्याने गेला की मीटरचा क्रमांक व आकडा त्या यंत्रात उमटतो. घरात शिरण्याची वा आकडा हाताने लिहिण्याची गरज उरत नाही.

खरा फायदा कोणता

वेळ व मजुरी वाचते, हा लाभ उघड आहे. परंतु त्याहून मोठा लाभ गळती शोधण्यात आहे. हाताने नोंदी घेण्यास पंधरा दिवस लागले, तर पहिल्या व शेवटच्या घराच्या आकड्यांत पंधरा दिवसांचे अंतर पडते. अशा आकड्यांच्या बेरजेची जलकुंभाच्या मुख्य मीटरशी नीट तुलना होऊ शकत नाही. सर्व आकडे एकाच दिवशी मिळाले म्हणजे सोडलेले व पोचलेले पाणी यांतील तफावत स्पष्ट दिसते. प्रत्येक वस्तीच्या फाट्यावर स्वतंत्र मीटर असल्यास गळती कोणत्या वस्तीत आहे, तेही कळते.

घरातील गळतीही लहान समजू नये. ताशी १० लिटर पाणी झिरपत असेल, तर दिवसाला २४० लिटर व ३० दिवसांत ७,२०० लिटर पाणी वाया जाते. जल जीवन मिशनच्या माणशी ५५ लिटर या प्रमाणाने पाच माणसांच्या कुटुंबास दिवसाला २७५ लिटर, म्हणजे ३० दिवसांत ८,२५० लिटर पाणी लागते. म्हणजेच अशा एका गळतीत जवळजवळ एका कुटुंबाचे पाणी जाते.

ही गळती ओळखण्याची रीत सोपी आहे. घरातील सर्व तोट्या बंद कराव्यात व नळाला पाणी असताना मीटरकडे पाहावे. आकडा तरीही सरकत असेल, तर मीटरच्या पुढील नळात गळती आहे असे समजावे.

घ्यावयाची काळजी

१. जेथे पाणी ठराविक वेळीच सुटते, तेथे आरंभी नळातील हवा जोराने बाहेर पडते. या हवेनेही मीटरचे चाक फिरते व न मिळालेल्या पाण्याची आकारणी होते. यास्तव मुख्य नळावर योग्य जागी हवा काढणाऱ्या झडपा असाव्यात.

२. मीटरच्या तोंडाशी असलेली जाळी गाळाने तुंबते. ती वेळोवेळी साफ करावी.

३. मीटरची तबकडी घरमालकास सहज दिसेल अशा जागी असावी. देयकावरील आकडा तबकडीशी ताडून पाहण्याचा त्यास हक्क आहे. फरक आढळल्यास मीटर तपासून घ्यावा.

४. बॅटरी संपली की संदेश थांबतो. बॅटरी व मीटर बदलण्याची तरतूद योजनेच्या अंदाजपत्रकात आरंभीच करावी.

५. चढता दर ठरविताना पिण्याचे, स्वयंपाकाचे व स्नानाचे पाणी गरीब कुटुंबास परवडेल असा पहिला टप्पा ठेवावा. दर ग्रामसभेत वाचून दाखवावेत.

यंत्र आकडा देते. गळती बुजविण्याचे काम माणसासच करावे लागते. नोंदी घेण्यातून मोकळा झालेला कर्मचारी नळ-दुरुस्तीच्या कामी लावावा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी दरमहा सोडलेले पाणी, पोचलेले पाणी व तफावत असे तीन आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावेत. पट्टी कशाची द्यावयाची हे गावास कळले, म्हणजे ती वसूल करणेही सुकर होते. आणि वाचलेले पाणी शेवटच्या घरापर्यंत पोचते.