दाढेचा पू गळ्यात उतरतो तेव्हा

दाढ दुखतेय म्हणून कामावर खाडा कोण करतो? कुरुळी-चाकण भागातल्या वस्त्यांत आम्ही आरोग्याची बैठक घेतो, तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. कंत्राटी कामगाराचा खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. मग मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची, दाढेत तंबाखू दाबायची, नाहीतर मिश्री लावायची आणि पाळीला जायचे. बहुतेक वेळा यावर निभावते. क्वचित निभावत नाही, आणि तेव्हा हातात फार थोडे तास असतात.

आपल्या तोंडात ७०० हून अधिक प्रकारचे जंतू सापडतात. निरोगी तोंडात ते सहसा त्रास देत नाहीत. पण दाढ खोलवर किडली की ते आतल्या नसेपर्यंत पोहोचतात. नस मेली की ठणका थांबतो आणि आपल्याला वाटते, बरे झाले. खरे तर तेव्हा मुळाच्या टोकाशी पू साठू लागलेला असू शकतो.

खालच्या जबड्यातल्या शेवटच्या दाढांची मुळे खोल असतात. तिथला पू जिभेखाली आणि हनुवटीखाली पसरू शकतो. दोन्ही बाजू सुजून टणक होतात, जीभ वर ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद होऊ लागते. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८३६ मध्ये या आजाराचे वर्णन केले, म्हणून त्याला 'लुडविग्ज अंजायना' म्हणतात. प्रतिजैविके नव्हती तेव्हा यातले निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. आज वेळेवर पोहोचलेले बहुतेक रुग्ण वाचतात. मधुमेह असलेल्यांना धोका जास्त असतो.

पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर पाळी संपण्याची किंवा सकाळ होण्याची वाट पाहू नका: हनुवटीखाली किंवा मानेवर वाढती सूज, तोंड न उघडणे, थुंकीही गिळता न येणे, आवाज जड होणे, आडवे पडल्यावर दम लागणे. लगेच १०८ ला फोन करा. रुग्णाला आडवे न करता बसवून न्या. सूज शेकू नका, घरी टोचू नका.

हेच जंतू हिरड्यांतून रक्तात उतरून हृदयाच्या खराब झडपेवर बसू शकतात. लहानपणी सांधे सुजून ताप आला आणि त्यात झडप खराब झाली, किंवा झडप बदलली आहे, अशांनी दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांना ते जरूर सांगावे. काहींना तासभर आधी प्रतिजैविकाची मात्रा द्यावी लागते. कोणाला, ते डॉक्टर ठरवतील. अशा माणसाला बारीक ताप बरेच दिवस राहिला, रात्री घाम आला, वजन घटले, तर मनाने प्रतिजैविक घेऊ नका. आधी रक्ताची कल्चर तपासणी व्हायला हवी. गोळ्या सुरू झाल्या की जंतू सापडणे अवघड होते. उपचारही साधा नाही, सहसा चार ते सहा आठवडे इंजेक्शने घ्यावी लागतात.

हे आजार दुर्मीळ आहेत, घाबरून जाऊ नका. पण त्यांची सुरुवात साध्या किडलेल्या दाढेतून होऊ शकते आणि ती दाढ वेळेत दाखवता येते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. चाकणचे ग्रामीण रुग्णालय त्यातलेच. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर कार्ड मागून घ्या. त्यावर घरच्यांचेही उपचार होतात, ते आपल्या हक्काचे आहे.

दाढेत किडा असतो आणि धुरी देऊन तो बाहेर पडतो, असे सांगणाऱ्यांना पैसे देऊ नका. असा किडा नसतोच. मिश्री सोडा, सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराईडच्या पेस्टने दात घासा. आणि घरात कोणाची दाढ आठवडाभर ठणकून अचानक शांत झाली असेल, तर ती या आठवड्यातच दाखवून या. एका दिवसाचा खाडा परवडतो, घरातले माणूस गमावणे परवडत नाही.