चिखलाखालची कड

रणगाड्यांची प्लॅस्टिक मॉडेलं बनवणारी तामिया कंपनी जगभर नेणारे शुनसाकू तामिया जुलै २०२५ मध्ये गेले. तेव्हापासून आमच्या वयाची मंडळी जुने रणगाडे काढून पुसत बसली आहेत. त्यांच्याशेजारी आजची मॉडेलं ठेवली की वाईट वाटतं. यंत्रावर कापलेले तयार मास्क चिकटवा, फवारा, सोला. कॅमोफ्लाज तयार. कुणीही रंगवलं तरी सारखंच.

सत्तर-ऐंशीच्या दशकांचं फारसं काही सांगण्यासारखं नाही. हम्ब्रॉल रंगाच्या डब्या, कुंचला आणि ओघळ. खरी रंगत आली नव्वदीनंतर. मोडीत निघालेल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर, त्याला रेग्युलेटर, आणि कुणाच्या तरी मामाने परदेशातून आणलेला एअरब्रश. मग कसोटी लागली ती दोन रंगांमधल्या कडेची.

फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन रणगाडे कारखान्यातून गडद पिवळे निघत. हिरव्या आणि तांबूस-तपकिरी रंगाची पेस्ट तुकड्यांना मिळे. ती पाण्यात, नाहीतर पेट्रोलमध्ये कालवून तिथेच फवारत. म्हणून कड धूसर. पण किती धूसर? १:३५ प्रमाणाच्या मॉडेलवर खऱ्या रणगाड्यावरचे साडेतीन सेंटिमीटर म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. त्यासाठी ब्लू-टॅक या चिकट लगद्याच्या शेवेएवढ्या वळ्या करून चिकटवायच्या आणि फवारा सरळ वरून मारायचा. तिरका गेला की रंग वळीखाली शिरलाच.

बर्लिनमधल्या ब्रिटिश चीफटन रणगाड्यांचं गणित उलटं. ऐंशीच्या दशकात इमारतींच्या गर्दीत लपावेत म्हणून त्यांच्यावर पांढरे, करडे, तपकिरी चौकोन रंगवले होते. इथे कड काटेकोर हवी. टेपच्या मूळ कडेला धूळ बसलेली असते, म्हणून टेप काचेवर लावून नव्या पात्याने कड कापून घ्यायची. चिकटवल्यावर आधी खालचाच रंग कडेवरून मारायचा. झिरपायचं ते त्याच रंगात झिरपतं. मग वरचा.

असा एक चीफटन मी स्पर्धेत ठेवला होता. परीक्षक म्हणाले, "फारच स्वच्छ आहे हो, लढाईतला वाटत नाही." अहो, तो बर्लिनमध्ये लढला कधी? संचलनात मिरवत होता! बक्षीस गेलं चिखलाने लडबडलेल्या जर्मन टायगर रणगाड्याला. त्याखाली कॅमोफ्लाज होतं की नाही, देव जाणे.

पुढची वर्षं त्या चिखलाचीच. हेअरस्प्रेवर रंग मारून टवके उडवा, पिगमेंट थापा, कड बिघडली असेल तिथे गंज चढवा.

परवा शेजारच्या मुलाला टेप कापून दाखवत होतो. म्हणाला, "काका, एवढा वेळ कुणाला आहे?" आणि आठवडाभर एक सायलेन्सर गंजवत बसला.